भिंत कललेली असेल तर फोटोतही कललेलीच दिसायला हवी: जुन्या इमारतींसाठी कॅनन टीएस-ई २४ मिमी

कॅमेरा वर रोखला की इमारतीच्या उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींजवळ सरकतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यावर एका क्लिकचा उपाय आहे हेही. मग शिफ्ट लेन्सचं, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणाऱ्या लेन्सचं, ओझं कशाला वागवायचं? इमारत नवी असेल तर 'नका वागवू' हे उत्तर बऱ्याचदा बरोबर असतं. जुन्या इमारतीचं तसं नाही. तिचं जोतं एका कोपऱ्यात खचलेलं असतं, दगडी भिंत मुळातच वर जाताना थोडी आत घेतलेली असते, वरचा मजला शंभर वर्षांनी चढवलेला आणि खालच्याशी ओळंब्यात नसलेला असतो. सॉफ्टवेअर रेषा शोधतं आणि उभ्या करतं. त्यातला कोणता कल कॅमेरा वर उचलल्यामुळे आला आणि कोणता पाया खचल्यामुळे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. पिसाचा मनोरा १९९० ते २००१ या काळात साडेपाच अंशांवरून सुमारे चार अंशांवर आणला गेला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंवर असलं बटण दाबलं तर त्या कामाचा पुरावाच पुसला जाईल.

शिफ्ट लेन्सचा हिशेब उलटा आहे. कॅमेऱ्याची पाठ ओळंब्यात ठेवायची, लेन्स तेवढी वर सरकवायची आणि फोटोत जे कललेलं दिसेल ते खरंच कललेलं आहे असं मानायचं. कॅननच्या टीएस-ई २४ मिमी एफ/३.५एल या लेन्सची २००९ साली आलेली दुसरी आवृत्ती याच कसोटीवर पाहण्यासारखी आहे. 'सुंदर फोटो येतो का' एवढ्यापुरतं पाहायचं तर स्वस्तातल्या लेन्सही पुरतात.

आधी यंत्र समजून घेऊ. लेन्स दोन्ही बाजूंना १२ मिमी सरकते (शिफ्ट) आणि ८.५ अंश कलते (टिल्ट). वजन ७८० ग्रॅम, फिल्टर ८२ मिमीचा, फोकस फक्त हाताने. सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे प्रतिमेच्या वर्तुळाचा, म्हणजे लेन्स आत पाडते त्या गोल प्रतिमेचा, व्यास: ६७.२ मिमी. साध्या २४ मिमी लेन्सला ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर झाकण्यापुरतं ४३ मिमीचं वर्तुळ पुरतं. इथे ते इतकं मोठं आहे की सेन्सर त्यात इकडेतिकडे हलवता येतो. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीचं वर्तुळ ५८.६ मिमी आणि शिफ्ट ११ मिमी होती. फ्रेम उभी धरून पूर्ण शिफ्ट दिली की वरचे कोपरे वर्तुळाबाहेर जायचे. दुसऱ्या आवृत्तीत उभ्या फ्रेमचा वरचा कोपरा पूर्ण शिफ्टला केंद्रापासून ३२.३ मिमीवर येतो आणि वर्तुळाची त्रिज्या ३३.६ मिमी आहे. सव्वा मिलिमीटर उरतो. फार नाही, पण पुरतो.

वर्तुळ कमी पडलं की काय होतं, ते अ‍ॅजेच्या पॅरिसच्या फोटोंत दिसतं. १८ बाय २४ सेंमीच्या काचांवर काम करणारा हा छायाचित्रकार उंच घरांचे माथे पकडायला लेन्स वर उचलायचा, आणि त्याच्या अनेक फोटोंत वरचे दोन्ही कोपरे काळे, गोलसर कापल्यासारखे आहेत. पण खालचं दुकान, त्याची पाटी, वरच्या खिडक्या, कौलांची कड हे सगळं प्रमाणात आलेलं आहे. कोपरे गेले आणि माहिती राहिली. जुन्या वास्तूंच्या कामात हीच निवड बरोबर आहे.

कुठे उभं राहायचं

या लेन्सचा एक गुण सहसा कुणी सांगत नाही: गणित तोंडी करता येतं. फ्रेम आडवी आणि शिफ्ट पूर्ण १२ मिमी वर असेल, तर फ्रेमची खालची कड बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर येते आणि वरची कड ४५ अंशांवर. म्हणजे भिंतीपासून जितकं अंतर, कॅमेऱ्याच्या वर तितकीच उंची मावते. फ्रेम उभी केली तर अंतराच्या सव्वापट उंची वर मिळते आणि पावपट खाली. २० मीटरवरून कॅमेऱ्याच्या वर २५ मीटर. ८ मीटर रुंदीच्या गल्लीत समोरच्या भिंतीला टेकून उभं राहिलात तर १० मीटर, त्यात कॅमेऱ्याची दीड मीटर उंची धरली की साडेअकरा, साधारण तीन मजले. यापेक्षा उंच इमारत असेल तर याच कंपनीच्या १७ मिमी एफ/४ लेन्सची गरज पडते. तिथे हे प्रमाण अंतराच्या पावणेदोन पटींपर्यंत जातं.

पण १७ मिमीच्या मोहात लवकर पडू नये. ६० अंशांनी वर पाहताना सज्जांच्या तळाच्याच बाजू दिसतात, छज्जा कंगणीला (माथ्याच्या पुढे आलेल्या कडेला) झाकतो, आणि कमानीवरचं कोरीव काम स्वतःच्याच उठावाआड जातं. दहा पावलं मागे जायला जागा असेल तर २४ मिमीच घ्यावी. १७ मिमीच्या पुढची काच फुगीर असल्यामुळे तिला साधा फिल्टरही बसत नाही.

आता सॉफ्टवेअरशी तुलना. साधी २४ मिमी लेन्स २० अंश वर उचलली तर आडव्या फ्रेममध्ये साधारण तोच भाग येतो: क्षितिजाच्या किंचित खालून ते ४६ अंशांपर्यंत. मग सॉफ्टवेअरने रेषा उभ्या केल्या की ४५ अंशांवरचा भाग आडवा १.२८ पट आणि उभा १.६४ पट ताणला जातो. गुणाकार करून पाहा: एका पिक्सेलमधली माहिती दोन पिक्सेलभर पसरते. हा ताण नेमका माथ्यावर पडतो, आणि जुन्या इमारतीचा इतिहास सांगणारी कंगणी, कोरलेली तारीख, छपराचा सांधा हे सगळं तिथेच असतं. शिवाय खालच्या बाजूला दोन्हीकडची त्रिकोणी पट्टी कापावी लागते ती वेगळीच. शिफ्ट लेन्समध्ये हा ताण काचेतून, प्रत्यक्ष प्रकाशानेच होतो. माथ्यावरच्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःची माहिती मिळते.

धारदारपणाबद्दल खरं सांगायचं तर मधला भाग एफ/५.६ ला उत्तम असतो (एफचा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र लहान होतं), पण पूर्ण शिफ्टला वरचे कोपरे एफ/८ ते एफ/११ शिवाय जमत नाहीत. शेवटचे दोन मिलिमीटर ही या लेन्सची दुबळी जागा आहे. जिथे १० मिमीत भागतं तिथे १२ देऊ नये. एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळीच फ्रेम मऊ होते, म्हणून ते टाळावं.

लावायची कशी

क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आधी शिफ्ट आणि टिल्ट दोन्ही शून्यावर आणायचे. मग ट्रायपॉड, आणि कॅमेरा दोन्ही दिशांनी पाणसळीत. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल बरी असते, पण हॉट-शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) बसणाऱ्या पाणसळीच्या बुडबुड्याने एकदा पडताळून घ्यावं. त्यानंतर सेन्सर भिंतीला समांतर करायचा. एक्स्पोजर याच टप्प्यावर मोजून मॅन्युअलवर बसवायचं, कारण आरसा असलेल्या कॅमेऱ्यात लेन्स सरकवल्यावर मीटर चुकीचं वाचतो. शेवटी शिफ्ट.

पाणसळ किती काटेकोर हवी? कॅमेरा १ अंशाने वर राहिला तर पूर्ण शिफ्टच्या आडव्या फ्रेममध्ये माथा पावणेदोन टक्के आकुंचन पावतो. ६००० पिक्सेल रुंद फोटोत कडेची उभी रेष ५० पिक्सेल आत झुकते. डावी-उजवीकडे १ अंश चुकला तर डाव्या आणि उजव्या कडांच्या उंचीत अडीच टक्क्यांहून जास्त फरक पडतो. डोळ्याला हे लगेच जाणवत नाही, पण फोटोवरून खिडक्यांची मापं काढायला बसलं की सगळं बिघडतं. ट्रायपॉडच्या बॉल-हेडवर एक दिशा सुधारताना दुसरी हलते, म्हणून या लेन्सबरोबर गिअर्ड-हेड (प्रत्येक दिशा वेगळ्या नॉबने फिरवणारं हेड) घ्यावं. चांगल्या लेन्सवर खर्च करून हेडवर वाचवण्यात अर्थ नाही.

समांतर ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. दर्शनी भिंत पूर्णच्या पूर्ण फोकसच्या एकाच पातळीत येते. लाइव्ह-व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) दहापट मोठा करून मधल्या उंचीवरच्या एखाद्या दगडी सांध्यावर फोकस केला की जोत्यापासून कंगणीपर्यंत सगळं जागेवर असतं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये, फोकसची कडी त्या खुणेच्याही पुढे फिरते.

मापासाठी भिंतीला टेकवून १ किंवा २ मीटरची पट्टी फोटोत ठेवावी. समांतर फ्रेममध्ये एक पट्टी संपूर्ण भिंतीला लागू पडते, कोनाड्यात किंवा आत बसवलेल्या खिडकीला मात्र नाही. २० मीटरवरून खिडकी अर्धा मीटर आत असेल तर तिचं माप अडीच टक्के कमी येतं. त्याच अंतरावर आडव्या फ्रेममध्ये ३० मीटर रुंदी मावते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका पिक्सेलवर भिंतीचे ५ मिमी. विटांच्या थरांमधला चुन्याचा सांधा ओळखता येईल, पण दगडावरचे छिन्नीचे घाव दिसणार नाहीत. त्यासाठी जवळ जाऊन वेगळा फोटो काढावा.

हे सगळं नवं नाही. १८५८ साली जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना माइडेनबाउअर नावाचा तरुण वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला, आणि भिंतीवर चढण्याऐवजी फोटोवरूनच मोजता येईल ही कल्पना त्याला तिथून सुचली. 'फोटोग्रामेट्री' हा शब्द १८६७ मध्ये त्यानेच रूढ केला, आणि १८८५ मध्ये प्रशियात वास्तूंच्या मोजणी-छायाचित्रांसाठी सरकारी संस्था उभी राहिली. फ्रान्समध्ये त्याही आधी, १८५१ साली, पडझड झालेल्या वास्तूंची नोंद करायला सरकारने बाल्ड्यू, ले ग्रे, ले सेक, बायार आणि मेस्त्राल या पाच छायाचित्रकारांना बाहेर पाठवलं होतं. इमारत पडली तरी तिचं प्रमाण हाती राहावं हाच त्यामागचा हेतू, आणि आजही या लेन्सचं खरं काम तेच आहे.

टिल्ट

टिल्टचा वापर इमारतींमध्ये थोडा आणि बिघाड जास्त. दर्शनी भिंतीसाठी टिल्ट शून्य, लॉक घट्ट. पिशवीतून काढताना नॉब अर्ध्या अंशाने जरी फिरला तरी माथा किंवा तळ मऊ होतो, आणि घरी आल्यावर लेन्सवरच शंका घेतली जाते. दर वेळी बाहेर काढल्यावर शून्याची खूण पाहायची सवय हवी.

टिल्ट खरा उपयोगी पडतो तो फरशीला. सभागृहातली नक्षीदार जमीन पायाजवळून टोकापर्यंत स्पष्ट हवी असेल तर कॅमेऱ्याची उंची पाहून टिल्ट ठरतो. २४ मिमीला १ अंश टिल्ट म्हणजे फोकसची पातळी लेन्सच्या १.३७ मीटर खालून जाते, २ अंश म्हणजे ६९ सेंमी खालून. कॅमेरा नेहमीच्या उंचीवर असेल तर १ अंशाच्या आसपासच पुरतं. बहुतेक जण चार-पाच अंश देतात आणि मग खांबांचे माथे का धूसर झाले म्हणून विचारतात. फरशी आणि खांब दोन्ही हवे असतील तर टिल्ट शून्यावर ठेवून एफ/११ वर भागवावं.

पहिल्या आवृत्तीत टिल्ट आणि शिफ्ट यांच्या दिशा एकमेकींशी बदलायच्या तर स्क्रू काढावे लागत. इथे त्यासाठी एक कळ आहे आणि दोन्ही दिशा स्वतंत्र फिरतात. दुसऱ्या आवृत्तीतली ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे.

रुंद फ्रेम जोडताना

जागा कमी असेल तर शिफ्टनेच दोन-तीन फ्रेम घेऊन जोडता येतात, कॅमेरा फिरवावा लागत नाही. आडव्या फ्रेममध्ये शिफ्ट शून्य आणि १२ मिमी वर असे दोन फोटो घेतले की ३६ बाय ३६ मिमीचा चौकोन मिळतो, मध्ये १२ मिमी सामाईक. डावी-उजवीकडे १२-१२ दिले तर ६० बाय २४. उभ्या फ्रेममध्ये डावी-उजवीकडे पूर्ण शिफ्ट दिली तर मात्र दोन फोटोंत सामाईक भागच उरत नाही, त्यामुळे मधला तिसरा घ्यावाच लागतो. तेव्हा ४८ बाय ३६ मिळतं.

यात एक मेख आहे. सरकतं ते भिंग, सेन्सर जागेवर राहतो. म्हणजे पाहण्याचा बिंदूच हलतो. लांबच्या सपाट भिंतीला याने काही होत नाही, पण दोन मीटरवर खांब असेल आणि मागे भिंत, तर जोडावर खांब दुहेरी दिसतो. उपाय असा की कॅमेरा रुळावर बसवून लेन्स सरकली तितकाच उलट दिशेला सरकवायचा.

सूर्याचाही त्रास इथे जास्त आहे. वर्तुळ मोठं असल्यामुळे सूर्य फ्रेमबाहेर असूनही वर्तुळात असू शकतो, आणि तो प्रकाश आत उधळून कॉन्ट्रास्ट खातो. हूड शिफ्टच्या मर्यादेमुळे आखूड ठेवलेलं आहे. टोपी किंवा पुठ्ठा धरून लेन्सवर सावली करावी, आणि तो फ्रेममध्ये आला नाही ना हे शिफ्ट देऊन झाल्यावर पुन्हा पाहावं. जाड कडेचा पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) पूर्ण शिफ्टला कोपरा काळा करतो, त्यामुळे पातळ कडेचाच घ्यावा. आकाश मोठं असेल तर तोही काढून ठेवावा, कारण इतक्या रुंद कोनात आकाशाचा एकच पट्टा गडद होतो.

सॉफ्टवेअरमधलं लेन्स-प्रोफाइल (लेन्सचे दोष आपोआप दुरुस्त करणारी सोय) बंद ठेवावं. फ्रेमचा मध्य हाच लेन्सचा मध्य असं ते गृहीत धरतं आणि शिफ्ट दिल्यावर ते खरं राहत नाही. कडेचा जांभळा-हिरवा पट्टा आणि कोपऱ्यांचा अंधार हातानेच दुरुस्त करायचा. त्यासाठी किती शिफ्ट दिली होती ते वहीत लिहिलेलं हवं. दिशा, कॅमेऱ्याची उंची, भिंतीपासूनचं अंतर, वेळ आणि तारीख त्याच ओळीत. या लेन्सची मूळ वक्रता फारच कमी आहे, ही जुन्या वास्तूंसाठी मोठी जमेची बाजू. अथेन्समधल्या पार्थेनॉन मंदिराच्या जोत्याची वरची पायरी मुद्दाम मध्यात उचललेली आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंमी आणि आखूड बाजूला सुमारे ६. अशी वक्रता लेन्सच्या दोषात मिसळली तर ती बांधणाऱ्याची की काचेची, हे सांगता येणार नाही.

भिंत वाचायची ती तिरप्या उन्हात. सूर्य भिंतीला जवळजवळ समांतर आला की प्रत्येक सांध्याला सावली पडते. अशी वेळ दिवसातून फार तर अर्धा-पाऊण तास मिळते, त्यामुळे कॅमेरा आधीच समांतर करून तयार हवा. तेव्हा दिसतं की खिडकीच्या डावीकडे वीट-वीट थर आलटून-पालटून गुंतलेले आहेत आणि हातभर पुढे जोत्यापासून माथ्यापर्यंत एक सरळ उभा सांधा गेलेला आहे, ज्याच्या आरपार एकही वीट जात नाही. म्हणजे तिथे कधीतरी इमारत संपत होती आणि पुढचा भाग नंतर जोडला. गिलाव्याखाली कमानीचा अर्धा घेर उमटलेला दिसतो: बुजवलेला दरवाजा. शेजारच्या भिंतीवर तिरकी रेघ म्हणजे पडून गेलेल्या छपराची खूण. ओळीने चौकोनी भोकं म्हणजे परांचीचे वासे जिथे अडकवले होते ती जागा. समोरून, समांतर, एका फ्रेममध्ये घेतलेल्या फोटोत या खुणा एकमेकींच्या संदर्भात मोजता येतात. वर पाहून काढलेल्या आणि नंतर ताणलेल्या फोटोत त्या दिसतात, पण मापाला टिकत नाहीत. रंगाची नोंद हवी असेल तर ढगाळ उजेडात, कलर-चार्ट ठेवून, दुसरा फोटो घ्यावा. दोन्ही कामं एका फोटोत होत नाहीत.

बांधणीबद्दल दोन तक्रारी. धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. सरकत्या भागांच्या फटी उघड्या असतात, आणि पडीक इमारतीत चुन्याची भुकटी हवेत असतेच. शिफ्ट-टिल्ट बदलायचं काम नसेल तेव्हा लेन्स झाकून ठेवावी आणि मऊ ब्रशने सरकपट्टी साफ करत राहावी. दुसरं, नॉब लहान आहेत, आणि पुढे आलेल्या प्रिझमच्या काही कॅमेऱ्यांवर लेन्स फिरवताना बोटं अडकतात. उभी शिफ्ट दिल्यावर लॉक-नॉब पिळला नाही तर पुढची जड बाजू हळूहळू खाली घसरते. लांब एक्स्पोजरमध्ये फोटो उभ्या दिशेने किंचित पुसल्यासारखा आला तर आधी तिथेच पाहावं.

मिररलेस कॅमेऱ्यावर कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरने ती तशीच चालते, आणि सेन्सरवरूनच मोजणी होत असल्यामुळे मीटरचा त्रासही कमी होतो. निकॉनच्या २४ मिमी पीसी-ई लेन्सची शिफ्ट ११.५ मिमी आहे, पण तिच्यात टिल्ट-शिफ्टचा परस्पर कोन जागेवर बदलता येत नाही, सर्व्हिस-सेंटरला द्यावी लागते. निव्वळ दर्शनी भिंतींचं काम असेल तर त्याने फार अडत नाही.

वापरलेली लेन्स घेत असाल तर चार गोष्टी तपासा. पूर्ण शिफ्टला आणि पूर्ण टिल्टला अ‍ॅपर्चर बंद होतं का, ते पुढून काचेत पाहून. लॉक पिळल्यावर हाताने ढकलून ती सरकते का. टिल्ट शून्यावर नेमकी अडकते का, की पुढे-मागे खेळते. आणि विटांच्या भिंतीसमोर, कॅमेरा पाणसळीत व समांतर ठेवून, एफ/८ ला शिफ्ट शून्यावर घेतलेल्या फोटोचे डावे-उजवे कोपरे सारखे धारदार आहेत का. एक बाजू मऊ आली तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. मऊ बाजू फोटोतून लेन्सबरोबर फिरली नाही, भिंतीच्या त्याच टोकाला राहिली, तर दोष समांतर ठेवण्यात आहे. कॅमेऱ्याबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तर लेन्स घेऊ नका.